पडद्यामागच्यांनी डोकं कुणाला दाखवायचं? (बेळगाव, निपाणी, खानापूर)

ब्लरवाला (सोमवार, रात्री ११:४८)

मंडळी, दोन-तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

बेळगावात एका स्थानिक चॅनेलला व्हिडिओ एडिटर आहे. नऊ वर्षं झाली. बातमीदार आणि गावोगावचे लोक जे कच्चं फुटेज पाठवतात ते बघायचं, कापायचं, आणि रक्त दिसतंय तिथं ब्लर मारायचा. घरी जेवताना तुम्हाला जो धुरकट चौकोन दिसतो ना, त्याच्याखाली काय आहे ते मी आधी बघितलेलं असतं. तेही एकदा नाही. ब्लर माणसाबरोबर हलला पाहिजे, म्हणून एकेक फ्रेम पुढं सरकवत बघावं लागतं.

जूनमध्ये हायवेवरच्या एका अपघाताची क्लिप आली. चाळीस सेकंदांची. त्यात कुठंतरी एक मोबाइल वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. कंपनीची साधी ट्यून. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची तीच ट्यून आहे. आता काकांचा फोन वाजला की माझा हात आहे तिथं थांबतो. रात्री तीनला जाग येते ती येतेच. परवा मुलगी मोबाइलवर गेम खेळत होती, तिच्यावर असा ओरडलो की ती आजीच्या खोलीत जाऊन झोपली.

बायको म्हणते कुणालातरी दाखव. कुणाला? मला हे मराठीतच सांगता येईल. ऑफिसात दिवसभर कन्नड बोलतो, अडत नाही, पण हे त्यात येणार नाही. शिवाय शहरातले निम्मे डॉक्टर ओळखीचे, त्यांच्या मुलाखती मीच एडिट केल्यात. आणि खरं सांगायचं तर हे दाखवण्यासारखं आहे, की मीच लाड करून घेतोय, हेही कळत नाही. बातमीत, नाटकात, ऑर्केस्ट्रात, यूट्यूबवर काम करणारे कुणी जाऊन आले असाल तर सांगा.

शिळा_कुंदा

रुमाल टाकतो, सविस्तर नंतर. तोवर चार दिवस गोव्याला जाऊन या. चोर्ला घाटातच निम्मं डोकं हलकं होतंय बघा.

ब्लरवाला

गेलो होतो. शॅकमध्ये शेजारच्या टेबलावर फोन वाजला.

शिळा_कुंदा

सॉरी ओ. शब्द मागे.

तीन_अंकी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वय ६३, चाळीस वर्षं हौशी रंगभूमी केली. वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी प्रयोग केला, तोही फार्स. तेव्हा कुठं होते समुपदेशक? प्रयोग संपला की दिग्दर्शकाच्या घरी पिठलं-भात, पहाटेपर्यंत गप्पा, एकमेकांना यथेच्छ शिव्या. झाली थेरपी. तुम्ही लोक हेडफोन घालून एकटे बसता आणि घरी येऊन मोबाइल घेऊन परत एकटेच बसता. चार माणसांत या. आमच्याकडं तालमीला या. फी वाचेल.

चौथा_खांब_वाकडा

तीन_अंकी काका, पिठलं-भाताला नाही म्हणणार नाही. पण आमच्या कामात पहाटेच्या गप्पा पण त्याच असतात ओ. आज कुठं किती गेले.

मी चिकोडी-रायबाग भागात बातमीदार, १४ वर्षं. पगार नाही, बातमीगणिक पैसे आणि जाहिरातीचं कमिशन. या कामातलं सगळ्यात अवघड काय म्हणून कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. अपघातात गेलेल्याचा फोटो मागायला त्याच्या घरी जायचं. दारात माणसं जमलेली असतात, आई भिंतीला टेकलेली असते आणि आपण तिच्या दिराला बाजूला घेऊन म्हणायचं, "जरा क्लिअर असलेला द्या, पासपोर्ट साइज." एकदा एका बाईंनी आतून अल्बमच आणला. लग्नाचा. म्हणाल्या, तुम्हीच निवडा. मी निवडला. अजून मला तो कोट दिसतो, भाड्याचा, बाह्या लांब झालेला.

मी कुठंही गेलो नाही. दारू मात्र वाढली. म्हणून वाचतोय.

मनगट_निपाणी

माहेर निपाणी, सध्या पुण्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथं कुणाचं निदान करणार नाही, पण ब्लरवाला यांच्या "लाड करून घेतोय का" याला उत्तर देते.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची जी पुस्तिका जगभर वापरतात, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत आघातानंतरच्या तणावविकाराबद्दल एक बारीक तरतूद आहे. टीव्हीवर, फोटोत, व्हिडिओत भयंकर काही बघितलं एवढ्यावरून तो आघात धरत नाहीत. पण ते बघणं कामाचा भाग असेल तर धरतात. म्हणजे घरी बसून क्लिप बघणारा आणि ब्लर मारणारा यांच्यात पुस्तकसुद्धा फरक करतं. जाग येणं, दचकणं, चिडचिड महिन्याच्या वर टिकली असेल तर दाखवावं. जूनपासून म्हणताय, म्हणजे जा.

कामापुरतं लगेच करण्यासारखं: ब्लर मारताना आवाज पूर्ण बंद ठेवा. खिडकी छोटी करा. चित्र कृष्णधवल करून बघा, रक्ताचा रंग गेला की बघणं थोडं सोपं जातं. असं फुटेज झोपायच्या आधीच्या दोन तासांत नको. चौथा_खांब, दारूबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. दारूनं झोप लागते पण ती तुटक असते, आणि पहाटे तेच सगळं परत येतं.

ब्लरवाला

मॅडम, नऊ वर्षांत हे सुचलं नाही. ब्लरला आवाज लागतच नाही! आवाजाचं काम वेगळं असतं. उगाच चालू ठेवत होतो, सवयीनं.

तीन_अंकी

म्हणजे निम्मा इलाज म्यूटचं बटण. फुकटात. मी काय म्हणत होतो?

मनगट_निपाणी

काका, प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी होतं म्हणून हाड जुळलं असं नाही ना म्हणत आपण. :)

कॅमेरा_अण्णा

मी फ्रीलान्स कॅमेरामन. लग्नं, यात्रा, शिवजयंतीचे चित्ररथ, आणि मधेमधे चॅनेलवाले बोलावतात तेव्हा बातमी. आता पहिल्यांदाच लिवालोय, चुकलंमाकलं बघून घ्या.

ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी, निपाणी-कोल्हापूर बंद. मी गोकाककडं होतो. एका पत्र्याच्या शेडवर एक बाई आणि दोन पोरं. खाली होडीतली माणसं दोरी टाकालीत. बाईनं माझ्याकडं बघून हाक मारली, "दादा, दोरी धर की!" मी शूट करत होतो. कॅमेरा ठेवला आणि दोरी धरली. सगळी सुखरूप उतरली. गोष्ट चांगली हाय की नाही?

रात्री फुटेज बघितलं. तिच्या हाकेपासून फ्रेम हलेपर्यंत बारा सेकंद. टाइमकोडच आहे, खोटं कसं बोलणार. बारा सेकंद मी फोकस नीट करत होतो. ती क्लिप सगळीकडं चालली, लोकांनी फोन करून अभिनंदन केलं आणि मला प्रत्येक फोनला बारा मोजावंसं वाटायचं.

दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. मग कोल्हापूरला एकांकडं जायला लागलो. बेळगावात नको म्हणून. दर पंधरा दिवसांनी एसटीनं, घरी सांगायचं लेन्स दुरुस्तीला चाललोय. बायको म्हणाली, कसली लेन्स घेतलीय ओ, संसारापेक्षा जास्त बिघडतीय.

डॉक्टरीणबाईंनी मला काय केलं? काही नाही. ती गोष्ट परत परत सांगायला लावली. पहिल्यांदा मी फक्त बारा सेकंद सांगायचो. पाचव्या-सहाव्या वेळेला त्यांनी विचारलं, तेराव्या सेकंदाला काय झालं? मग दोरी सांगायला लागलो. हाताची सालं निघाली होती ते मी विसरूनच गेलो होतो.

शिळा_कुंदा

अण्णा, दंडवत.

चौथा_खांब_वाकडा

+१. आणि लेन्सची आयडिया चोरतोय.

कॅमेरा_अण्णा

चोर, पण एक अडचण सांगतो. डिसेंबर २०२२ ला सीमावाद पेटला, दगडफेक, एसटी बंद. माझं सेशन त्याच आठवड्यात. बाईंना फोन करून सांगितलं, दोन मुख्यमंत्र्यांचं भांडण मिटलं की येतो.

सरळ_पाटी

हेच तर! मराठी माणसाला आपल्या गावात आपल्या भाषेत उपचार मिळत नाही. दवाखान्याची पाटी कन्नड, फॉर्म कन्नड, आणि आम्ही म्हणे मन मोकळं करायचं.

हुबळी_रिटर्न

पाटी वाचून कोणी बरं होत नाही साहेब. माझे डॉक्टर कन्नडिग, माझ्यासाठी मराठी शिकले. "जीव वर-खाली होतोय" म्हणजे काय, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, हां, 'तले बिसी' नव्हे, 'एदे'त होतंय तुम्हाला. डोक्यात नाही, छातीत. बरोबर पकडलं.

सरळ_पाटी

एखादा डॉक्टर चांगला निघाला म्हणून धोरण चांगलं होत नाही.

संपादक मंडळ

भाषावादासाठी वेगळे सतरा धागे आहेत. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

शिळा_कुंदा

अवांतर, पण भाषेचा मुद्दा थोडा राहू द्या, पाट्यांचा नको. आमच्याकडं दुखण्याला किती शब्द आहेत बघा. डोस्कं भणभणतंय, जीव घाबरा होतोय, पोटात गोळा येतोय, काळीज लकलक करतंय, काही गोड लागत नाही. इंग्रजीत हे सगळं एकाच शब्दात कोंबून गोळी देतात.

मनगट_निपाणी

खरंच उपयोगी प्रतिसाद. "काही गोड लागत नाही" हे ऐकलं की मी पुढचे दोन प्रश्न वेगळे विचारते. सरकारी मदतवाहिनी टेली-मानस, १४४१६, फुकट, चोवीस तास. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिथं भाषा निवडता येते, मराठी धरून वीस भाषा आहेत. नाव सांगायची सक्ती नाही.

यात्रेची_नायिका

माझा प्रश्न कुणाच्याच प्रतिसादात आला नाही म्हणून लिहिते. मी खानापूर भागातल्या यात्रांमधल्या नाटकांत काम करते. गावातली मुलं बाकीच्या भूमिका करतात, बायकांच्या कामाला आम्हाला बोलावतात. सीझनला कधी एका आठवड्यात पाच गावं. एका तालमीवर उभं राहायचं, रात्री दहाला पडदा, पहाटे परत गाडी.

माझ्या वाट्याला नेहमी रडणारी सून नाहीतर विधवा. मला रडायला लगेच येतं म्हणून मागणी जास्त. येतं कसं ते सांगते. माझे बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या चपला दारात तशाच होत्या, एक उलटी पडलेली. प्रत्येक प्रयोगाला मी ती उलटी चप्पल आठवते. दोन सीझन झाले. गेल्या वर्षी झालं असं की स्टेजवर चप्पल आठवली आणि काहीच आलं नाही. कोरडं. आणि दुसऱ्या दिवशी बँकेत रांगेत उभी असताना धो धो रडायला आलं. मागचे आजोबा म्हणाले, बाळ, टोकन हरवलं काय?

मी ऑनलाइन एका मॅडमशी बोलले, मराठी. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. स्वतःचं ताजं दुःख रोज वापरायचं नाही, भूमिकेतल्या बाईचं काय गेलंय ते शोधायचं. आणि प्रयोग संपला की भूमिका उतरवायची. रंग तिथंच खोबरेल तेलानं काढायचा, गाडीत बसून नाही. नाटकातलं मंगळसूत्र पेटीत ठेवताना आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. पहिल्यांदा फार हसू आलं. आता मेकअपवाला पण म्हणतो, ताई, नाव घेतलं काय?

तीन_अंकी

पोरी, हे आम्हीही करायचो, फक्त त्याला थेरपी म्हणत नव्हतो. प्रयोगाआधी नटराजाची पूजा, मग भूमिका. प्रयोगानंतर आमचे दिग्दर्शक प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारून चहा द्यायचे. एकालाही भूमिकेच्या नावानं नाही. मला वाटायचं म्हातारा शिस्तीचा आहे.

फार्सचं मी वर लिहिलं. त्यातलं एक राहिलं. दुसऱ्या अंकात प्रेक्षक हसत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. ओठ हलताना दिसत होते. कुणाला सांगितलं नाही. इतकंच.

रील_हिंडलगा

मला सगळे हसतील, माझं काम म्हणजे रील. बेळगावी मराठीत विनोद करते. मराठीत टाकलं की एका बाजूचे शिव्या देतात, कन्नड शब्द घातला की दुसऱ्या बाजूचे. १ नोव्हेंबरच्या (तिकडं राज्योत्सव, इकडं काळा दिन) आसपास तर फोनच बंद ठेवते. काळा दिन म्हटलं तरी मार, नाही म्हटलं तरी मार, आणि मी टाकलेलं काय तर कुंद्याचं भांडं घासतानाचं रील.

तीनशे चांगल्या कमेंट विसरते, एक वाईट पाठ होते. रात्री आई झोपली की ती वाचत बसते. गेले तीन महिने.

मनगट_निपाणी

कोणी हसणार नाही. कमेंट वाचायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवता आलं तर बघा, भाऊ, मैत्रीण. धमक्या असतील तर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

चौथा_खांब_वाकडा

आमची बाजू पण काळी आहे, कबूल करतो. आत्महत्येच्या बातमीत आम्ही कारण एका शब्दात लिहून मोकळे व्हायचो, पद्धत लिहायचो, चिठ्ठी छापायचो. २०१९ ला प्रेस कौन्सिलनं सांगितलं की हे करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर उपचार घेणाऱ्याचा फोटो, माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांनी देण्यालाही बंदी. मी हे वाचून दाखवलं तर डेस्कवरून उत्तर आलं, "कारण घाल, लोक विचारतात."

बुडीत_ड्रमर

ऑर्केस्ट्रावाला. २०२० च्या मार्चनंतर यात्रा नाही, लग्न नाही, गणपती नाही. पॅड विकलं. नंतर सुपाऱ्या परत आल्या, पण स्टेजवर चढायच्या आधी हात थरथरायचे. उपचाराला हजार-दीड हजार एका सेशनचे कुठून आणू? विम्याचं कुणाला माहीत आहे का?

मनगट_निपाणी

त्याच कायद्यात आहे, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिकला द्यायचा. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, समुपदेशनाची फी खिशातूनच जाते. म्हणून सरकारी वाट आधी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि धारवाडचं डिमहान्स, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था, तुमच्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत आहे.

बुडीत_ड्रमर

धारवाड?? मॅडम, आमच्या गल्लीत "ह्याला धारवाडला घालवा" ही शिवी आहे.

मलप्रभा_काठ

आमच्याही. म्हणून भावाला नेताना मी घरी "हुबळीला ट्रॅक्टरचा पार्ट आणायला" म्हणून सांगितलं होतं. (लेन्सवाल्या अण्णांची आठवण झाली.) ब्रिटिशांच्या वेळचा वेड्यांचा दवाखाना तो, शिवी तिथून आली. आत गेलो तर साधी ओपीडी. केसपेपर, बाकडी, डबे घेऊन आलेली माणसं. माझ्या शेजारी एक शिक्षक बसले होते, पेपर तपासत. डॉक्टरांना मराठी समजत होतं, उत्तर कन्नडात द्यायचे, आमचं भागलं. सकाळी लवकर जावा, गर्दी असते.

गप्प_बसलेली

एक सावधगिरी. मी गावातल्याच एका समुपदेशकाकडं गेले होते. आठ दिवसांत माझ्या सासूबाईंना माहीत. त्यांचा आणि तिचा भिशीचा ग्रुप एक. परत कुठं जायची हिंमत होईना.

मनगट_निपाणी

वाईट वाटलं वाचून. हे गुपित ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. "समुपदेशक" अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा, मानसोपचारतज्ज्ञ असतील तर मानसोपचारातली एमडीसारखी पदवी बघा. या दोघांत औषध फक्त मानसोपचारतज्ज्ञच लिहू शकतात. विचारलं म्हणून चांगला माणूस रागावत नाही.

शिळा_कुंदा

धागाकर्ते कुठं गेले? एडिट झाले काय?

ब्लरवाला (पाच आठवड्यांनी)

आहे. धागा वर काढतो.

रात्री दीडला स्कूटरवर बसून १४४१६ ला फोन केला. मराठी मिळाली. पलीकडच्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला, "जेवलात का?" त्यावरच गळा दाटला, हसू नका.

मग आरसीआय नंबर बघून एका मॅडमशी ऑनलाइन सुरू केलं. चार सेशन झाली. घरी भिंती पातळ, म्हणून मित्राची ओम्नी घेतो आणि व्हॅक्सिन डेपोजवळ झाडाखाली लावून बसतो. दुसऱ्या वेळी डोळे मिटून श्वासाचं काहीतरी चाललं होतं, काचेवर टकटक. फिरायला आलेले एक आजोबा. "का ओ, बरं हाय न्हवं?" मॅडम पलीकडून म्हणाल्या, सांगा त्यांना, बरं होतंय.

ट्यूनची गंमत. मी धीर करून वरच्या काकांना सांगितलं. ते बिचारे इतके हादरले की त्याच संध्याकाळी नातवाकडून ट्यून बदलून घेतली, विठ्ठलाचा अभंग लावला. मी खूश. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, आपल्याला ती ट्यून लागणार होती." म्हणजे हळूहळू, आधी बारीक आवाजात, त्यांच्यासोबत, ऐकत जायचं, टाळायचं नाही. (मनगट_निपाणी, मनानं करत नाहीये, त्या सांगतील तेवढंच.) आता काकांना विचारलं तर जुनी ट्यून त्यांना सापडेना. रोज जिन्यात भेटले की म्हणतात, "शोधतोय रे, शोधतोय."

मुलगी परत आमच्या खोलीत झोपते. तीनला जाग अजून येते, रोज नाही. झोपेसाठी मॅडम म्हणाल्या एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, म्हणून मंगळवारी धारवाडला चाललोय. घरी धारवाड असंच सांगितलंय. आई म्हणाली, येताना पेढा आण.

चौथा_खांब_वाकडा

मंगळवारी किती वाजता? मी चिकोडीहून सकाळची बस धरून येतो.

ब्लरवाला

सहाला गोवावेस. ओम्नीच आहे.

तीन_अंकी

जागा आहे का एक? मला काही दाखवायचं नाही. सोबत येणाऱ्याला आत बसू देतात का, तेवढं विचारून ठेवा.

मलप्रभा_काठ

देतात काका. पण डबा न्या.